चौदा मार्चला मी कुठे होतो

बेथेल क्रीक, मिसिसिपी
बुधवार, ३ ऑक्टोबर २०१८

प्रिय ओडेसा,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. मी बरा आहे, गुडघे सोडून. तू तिकडे मेम्फिसला ठणठणीत आहेस असं धरून चालतो. नसलीस तरी कळवणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. अंजिराच्या मुरंब्याच्या दोन्ही बरण्या पोचल्या. एखादी फुटली असेल या धास्तीने मी अर्धा तास खोकंच उघडलं नाही. फुटली नव्हती.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. एक तर तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस. दुसरं म्हणजे अकरा वर्षं मी तुरुंगात पहारा केला. तिथला प्रत्येक फोन कोणीतरी ऐकत असायचं. नोकरी सुटून पाच वर्षं झाली तरी माझी जीभ फोनवर मोकळी होत नाही. सहावीतून कापूस वेचायला गेलो तो शाळेत परतलोच नाही, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. पण तुझ्यासमोर चुकायची लाज नाही.

मोठी बातमी अशी की मागची खोली भाड्याने दिली. बाई आहे, मिनेसोटाकडच्या विद्यापीठातली, डॉक्टर लिंड. चाळिशीची, उंच, आणि पायात हिवाळ्याचे बूट, इथल्या ऑक्टोबरात. मी पाद्रीबाबांना आधी विचारून घेतलं की एकट्या म्हाताऱ्याने बाई ठेवली तर लोक काय म्हणतील. ते म्हणाले, "होशिया, तुझ्याबद्दल कोणी काही म्हणेल ही आशा मी कधीच सोडली."

ती डॉक्टर आहे हे गावभर झालं, आणि दुसऱ्याच दिवशी शेजारचा पर्व्हिस येऊन ओसरीवर बसला. बूट काढला, मोजा काढला आणि अंगठा तिच्यासमोर धरला.

"बाई, हा बघा. लेंटचे उपवास संपल्यापासून असाच आहे."

"मी तसली डॉक्टर नाही, मिस्टर पर्व्हिस. मी समाजाचा अभ्यास करते."

"मग समाजाला दाखवून सांगा काय झालंय ते."

तिने खरंच वाकून पाहिला आणि म्हणाली की नख आत वाढलंय. पर्व्हिस आता सगळ्यांना सांगतो की बाई हुशार आहे, उगाच नाही म्हणते.

तिला आपल्या तुरुंगाचा अभ्यास करायचा आहे. शर्टांचा कारखाना बंद पडल्यावर एका खाजगी कंपनीने तो बांधला आणि निम्मं गाव तिथे कामाला लागलं, हे तू जाणतेसच. मी विचारलं की त्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, "कोणाला वाईट म्हणायचं हे कोण ठरवतं, ते मला बघायचंय. आणि तुरुंग कंपनीचा असला की त्या ठरवण्यात काय बदलतं." मी म्हटलं, "बाई, ते न्यायाधीश ठरवतो." ती म्हणाली, "तुरुंगाच्या दाराबाहेर. दाराच्या आत?" तेवढ्यात मला चुलीवरचे घेवडे आठवले आणि मी उठलो.

तिला एक खोड आहे. मक्याच्या कण्यांत दूध आणि साखर घालून खाते. मी तोंड फिरवून बसतो. माझीही खोड तिला कळली. काल दुपारी चार वाजता ती स्वयंपाकघरात आली तर मी खुर्चीशेजारी ताठ उभा. तिने विचारलं, काय झालं? काय सांगणार? चारची मोजणी. घंटा झाली की प्रत्येक कैदी आपल्या खाटेशी उभा, आणि आम्ही आकडा जुळेपर्यंत उभे. माझ्या पायांना अजून कोणी सांगितलेलं नाही की नोकरी संपली.

रविवारी लायनेल आला होता. मासे साफ करायच्या कारखान्यातून सुट्टी फक्त त्याच दिवशी, तरी चाळीस मैल गाडी हाणून मामाच्या छपराचा पत्रा बसवायला येतो. तुझं नाव काढलं नाही त्याने. पण तुझ्या बरणीच्या झाकणावरचं तुझं अक्षर बघत बराच वेळ उभा राहिला. एक बरणी मी त्याला दिली. ओरडायचं तर ओरड. सहा वर्षं झाली, ओडेसा. बाप अखेरच्या दुखण्यात असताना ज्याला तुरुंगात मारामारी सुचली आणि ज्याने आपली सुटका दोन महिने लांबवून घेतली, तो माझा मुलगा नाही, असं तू म्हणतेस. तुम्हा मायलेकांच्या मधे मी बोलणार नाही.

जाता जाता एक. माझं पित्ताशय काढलं तेव्हा तुझ्याकडे मी मार्चच्या कुठल्या तारखेला आलो होतो? सहज विचारतोय. वय झालं की तारखा गळतात.

तुझा भाऊ,
होशिया

बेथेल क्रीक
मंगळवार, १६ ऑक्टोबर

प्रिय ओडेसा,

आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी आलं. तुझी आठवण म्हणजे लोखंडी पेटी. अकरा मार्चला रविवारी आलो, बाराला ऑपरेशन, तेराला तुझ्या कोचावर, पुढे पंचवीसपर्यंत तिथेच. इस्पितळाचा कागद अजून बायबलमध्ये आहे म्हणतेस. आणि बुधवारी चौदा तारखेला चर्चच्या गायनवृंदाच्या बायका मला बघायला आल्या तेव्हा मी उशीखाली पीच कॉबलरचा गोड तुकडा लपवला होता, हे तू सहा वर्षं जपून ठेवलंस? एवढासाच होता तो. डॉक्टरांनी गोड नको म्हटलं होतं, पीच नको असं म्हटलं नव्हतं.

तू विचारतेस, सहज का विचारलं. सांगतो. सगळं लगेच नाही जमणार, पण सुरुवात करतो.

तुला आधीचं पत्र लिहिण्याच्या दोनच दिवस आधी, सोमवारी, डॉक्टरबाईंनी माझी मुलाखत घेतली. टेबलावर एक छोटं यंत्र ठेवलं आणि म्हणाली, तुमचं नाव कुठेच येणार नाही, तुम्हाला मी क्रमांक देते. मी झालो पहारेकरी क्रमांक सात. मला हसूच आलं. अकरा वर्षं दुसऱ्यांना नंबराने हाका मारल्या, आता माझी पाळी. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. जेवण कसं असायचं, उन्हाळ्यात पंखे चालायचे का. मी रंगात येऊन भाकरीच्या पिठातल्या किड्यांची गोष्टही सांगितली.

मग तिने कागद काढले. कैद्याच्या वागणुकीविरुद्ध आम्ही लिहायचो ते रिपोर्ट. एक रिपोर्ट झाला की चांगल्या वागणुकीची माफी कापली जाते, म्हणजे सुटकेची तारीख पुढे. सरकारने तिला ते अभ्यासाला दिले, कैद्यांची नावं काळ्या शाईने झाकून. खाली पहारेकऱ्याची सही मात्र उघडी.

"मिस्टर गॅडिस, ही तुमची सही?"

"माझीच."

"आणि ही?"

"तीही."

"हे नऊ रिपोर्ट २०१२ सालच्या बारा ते वीस मार्चचे आहेत. हजेरीपुस्तकात तुम्ही त्या दिवसांत रजेवर आहात."

मी म्हटलं, तारीख चुकली असेल. ती म्हणाली, "नऊ वेळा?" आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर मला रागावता आलं असतं.

तुला आता ते सांगतो जे मी कोणाला सांगितलं नाही. मी रिपोर्ट लिहायला फार वेळ घ्यायचो. स्पेलिंग अडायचं. पाळी संपली तरी मी टेबलाशी पेन चावत बसलेलो असायचो आणि बाकीचे दारात उभे राहून हसायचे. एकदा आमच्या पहाऱ्याचा मुख्य, कॅप्टन प्रुइट, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काका, तुम्ही फक्त सही करा. वरचं मी भरून घेईन. तुम्ही घरी जा, जेवा." तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वीस कोरे रिपोर्ट माझ्यापुढे यायचे. मी वीस सह्या करायचो आणि वेळेवर घरी जायचो. मला ते उपकार वाटायचे. मी एकटा नव्हतो, जुने तिघे-चौघे तसंच करायचे. नव्या मुलांना वाटायचं, ही इथली पद्धतच आहे.

बाईने समजावलं की राज्य सरकार कंपनीला भरलेल्या खाटेमागे रोजचे पैसे देतं. सुटका जवळ आलेला माणूस म्हणजे रिकामी होणारी खाट. तिच्या कागदांत बहुतेक रिपोर्ट शेवटच्या दोन-तीन महिन्यांतले आहेत. ती म्हणाली, "माणसं सुटायच्या तोंडावरच अचानक वाईट का वागायला लागतात, हे मला कळत नव्हतं." मी पाण्याचा पेला भरायला उठलो आणि नळ उघडा ठेवून तसाच उभा राहिलो.

तेव्हापासून मी हेच मोजत बसतो. मला पकडतील का, घर जाईल का, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसावं लागेल का. शेवटी मी प्रुइटकडेच गेलो. तो आता तळ्याजवळ गळाला लावायची गांडुळं विकतो. हाताला माती, चेहरा पूर्वीसारखाच खुशीत.

"काका, या. मासे धरायला लागलात?"

"नाही रे. ते कोरे रिपोर्ट आठवतात तुला?"

"कुठले रिपोर्ट?" त्याने डब्याचं झाकण लावलं. "मला गांडुळं आठवतात. डझनाने घ्यायची का?"

"त्यावर माझी सही आहे, प्रुइट."

"हो ना, काका. तुमची आहे. माझी कुठे आहे?"

आणि हसून त्याने मला एक डझन फुकट दिली. ती मी टोमॅटोच्या वाफ्यात सोडली. त्यांचा काय दोष?

अजून एक गोष्ट राहिली आहे. तीच खरी. पण टपालगाडी वळणावर दिसतेय आणि आज एवढंच लिहिताना माझा शर्ट ओला झालाय. पत्र पूर्ण नाही असं समज.

तुझा भाऊ,
होशिया

बेथेल क्रीक
रविवार, २८ ऑक्टोबर

प्रिय ओडेसा,

आशीर्वाद या वेळी देत नाही. वाचून झाल्यावर तुला हवे असतील तर घे.

आधी बरं ते सांगतो. कोबी लागला आहे. पर्व्हिसचा अंगठा बरा झाला आणि तो डॉक्टरबाईंसाठी उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन आला. तिने टरफलांसकट खायला सुरुवात केली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सभ्यपणे गप्प राहिलो. तीन शेंगा झाल्यावर तीच म्हणाली, "कोणी मला सांगणार आहे का?" पर्व्हिस म्हणाला, "बाई, तुम्ही निरीक्षण करायला आलात. आम्हीही करत होतो."

आता ते.

त्या नऊ कागदांत एक चौदा मार्चचा आहे. नाव झाकलेलं आहे, पण खाटेचा क्रमांक झाकायला कोणीतरी विसरलं. 'क' बराक, खाट एकतीस. लिहिलंय की कैद्याने दुपारच्या मोजणीच्या वेळी दुसऱ्या कैद्याशी मारामारी केली आणि हे पहारेकरी गॅडिस यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. साठ दिवसांची माफी कापली.

एकतीस नंबरच्या खाटेवर कोण होता, हे बाईला माहीत नाही. सरकारला विचारल्याशिवाय कळणारही नाही. मी गप्प बसलो असतो तर जन्मभर कोणाला कळलं नसतं. एकतीसवर आपला लायनेल होता. मामाच्या पहाऱ्यात भाचा असणं नियमात बसत नव्हतं, पण तिथे माणसं एवढी कमी होती की कोणी विचारलं नाही आणि आम्हीही बोललो नाही. मला वाटायचं, निदान नजरेसमोर आहे.

चौदा मार्चला दुपारी चार वाजता मी कुठे होतो, ते तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. मी तुझ्या कोचावर होतो, उशीखाली कॉबलर होता.

मारामारी झालीच नाही, ओडेसा. वीस एप्रिलला तो सुटणार होता. त्याचा बाप क्लेमेंट नऊ मे रोजी गेला. मधे एकोणीस दिवस होते बापलेकाला.

आणि यापेक्षा वाईट पुढे आहे. मी परत कामावर आलो तेव्हा लायनेलने भेटीच्या खोलीत तो कागद माझ्यासमोर ठेवला होता. म्हणाला, "मामा, ही तुमची सही आहे. तुम्ही तर आईकडे होतात." मी कागद पाहिला. मला त्याच क्षणी सगळं समजलं. मी अडाणी आहे, आंधळा नाही. पण खरं बोललो असतो तर त्या सगळ्या वीस कोऱ्या रिपोर्टांबद्दल बोलावं लागलं असतं, दर महिन्याच्या. नोकरी गेली असती, आणि मी काय केलंय ते मलाच दिसलं असतं. मी त्याला म्हटलं, "कागद आहे म्हणजे काहीतरी केलंच असशील." मग तू फोन केलास. तेव्हा तुला ऐकू येत होतं. तू विचारलंस, "होशिया, तो म्हणतो मी काही केलं नाही. खरं काय?" मी म्हटलं, "रिपोर्ट बरोबर आहे."

चार शब्दसुद्धा नाहीत. त्यावर तू तुझा मुलगा टाकलास, कारण भाऊ खोटं बोलणार नाही. आणि मी सहा वर्षं तुझा मुरंबा खाल्ला.

सरकारने या रिपोर्टांची चौकशी लावली आहे. ज्याला माहिती आहे त्याने आपल्या नावाने लिहून सही करून द्यायचं. खोटे ठरतील ते रिपोर्ट रद्द होतील, आणि अजून आत असलेल्यांना त्यांचे दिवस परत मिळतील. मी बाईला म्हटलं, तुम्हीच लिहा, मी सही करतो. तिने पेन माझ्याकडे सरकवलं. मी स्वतःच म्हटलं, "हां. असंच सुरू झालं होतं, नाही का."

मग चार दिवस मी स्वयंपाकघरात बसून स्वतः लिहिलं. स्पेलिंग अडलं की तिला विचारायचो, आणि ती फक्त तेवढंच सांगायची. दुसरा शब्द पुढे केला नाही. चार वाजले की मी उठून उभा राहायचो, पाच मिनिटांनी बसून पुन्हा लिहायला लागायचो. सहा पानं झाली. एवढं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. पकडतील का, हे मी चौकशीच्या कचेरीत फोन करून विचारलं, फोनवर, लक्षात घे. तिथली मुलगी म्हणाली, सांगता येत नाही, आजोबा. मी म्हटलं, बरं.

पाठवण्याआधी काल संध्याकाळी, त्याचं काम सुटल्यावर, लायनेलकडे गेलो. तो गाडीखाली शिरून काहीतरी पिळत होता, बाहेर फक्त पाय. मी पायांना सगळं सांगितलं. ते सोपं गेलं.

आतला पाना थांबला. मग म्हणाला, "मामा, हे मी तुम्हाला सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं."

"हो."

"मग आज नवीन काय?"

"आज मी कबूल करतोय."

तो बाहेर आला. तोंड तेलाने काळं. मला वाटलं, आता मारणार, आणि मी गुडघ्यांची काळजी करायला लागलो. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "मला माहीत होतं, मामा. तुमच्या छपरावर चढलो की दर वेळी वाटायचं, आज म्हातारा बोलेल. पत्रे संपत आले होते तुमचे." मग आम्ही दोघं पायरीवर बसलो. मला माफ केलं असं काही तो बोलला नाही. कोका-कोला मात्र आणून दिला, थंडगार. उठताना मी विचारलं, आईला तू सांगतोस का? म्हणाला, "मी एकदा सांगितलं होतं. आता तुम्ही सांगा."

म्हणून हे पत्र.

माझ्या सहा पानांना एक जोड लागते. मी त्या दिवशी तुरुंगात नव्हतो हे सांगणारं कोणीतरी. कंपनी म्हणेल, हजेरीपुस्तक चुकलं असेल. पण तुझ्या बायबलमध्ये इस्पितळाचा कागद आहे, आणि गायनवृंदातल्या ज्या बायका अजून आहेत त्यांना कॉबलर आठवत असेलच, तू काही त्यांना विसरू दिला नसशील. दोन ओळी लिही, होशिया गॅडिस माझ्या घरी होता. खाली सही कर आणि सोबतच्या पाकिटावरच्या पत्त्यावर दहा नोव्हेंबरच्या आत टाक. भावाच्या सहीविरुद्ध तुझी साक्ष मागतोय, मुलासाठी. तुझ्यावर जबरदस्ती नाही.

दुसऱ्या चिठ्ठीवर लायनेलचा पत्ता आहे. त्याचा फोनही लिहिला आहे, पण तू लिहच. तो झाकणावरचं तुझं अक्षर वाचतो तर पूर्ण पत्र नक्की वाचेल.

थँक्सगिव्हिंगला तू टर्की करशीलच. लायनेलची गाडी आता चालते, मी स्वतः पाहिलं. त्याचं ताट मांड. माझं नाही मांडलंस तरी मी त्याच्याबरोबर मेम्फिसपर्यंत येईन, रस्त्यात त्याला झोप लागू नये म्हणून. तुझ्या ओसरीवर बसेन. थंडी असेल तर कोट आणतो. कॉबलरचा वास आला तरी काही म्हणणार नाही.

बाई डिसेंबरात परत जाणार. क्रमांक सात आता तिच्या कामाचा नाही म्हणते, कारण मी नाव घालून लिहिलं. कालपासून कण्यांत मीठ घालते. तिच्या विद्यापीठाला कळवू नकोस.

हे पत्र मी तीनदा वाचलं. वरची प्रत्येक ओळ माझ्या हाताने भरलेली आहे, कोरी जागा कुठेही सोडलेली नाही. आता खाली सही करतो.

तुझा भाऊ,
होशिया गॅडिस